वाचकांचे प्रश्न : भरतीरेषा नेमकी कुठून मोजायची?

मागील अंकातील एका उत्तरात, राज्यातील कांदळवनांचे उपग्रहाधारित नकाशे तयार करण्याचे काम नागपूरच्या एका कार्यालयाकडे होते, असे एक वाक्य ओघात येऊन गेले. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर किनारपट्टीच्या सरकारी नकाशांनाच द्यावे लागत आहे. प्रस्तुत लेखक नकाशांच्या कामातून निवृत्त झालेला असून नोकरीच्या काळात त्याला वर्षातून दोन-तीनदा तरी कोकणात जावे लागत असे, एवढे आधी सांगून ठेवतो. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. पत्रलेखकांच्या नावांऐवजी केवळ वस्तीचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर संपवले तरी समुद्र दिसत नाही. मग समुद्रकाठचे नकाशे नागपुरात का व्हावेत? हे काम मुंबईत किंवा रत्नागिरीत होणे स्वाभाविक नव्हते का? (निवृत्त शिक्षिका, सीताबर्डी)

आपली शंका रास्त आहे. मात्र उपग्रहाला काही समुद्रकाठी बसावे लागत नाही. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, ज्याला सगळे ‘एमआरसॅक’ म्हणतात, ते १९८८ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय दक्षिण अंबाझरी मार्गावर, व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात आहे. राज्य शासनाच्या खात्यांना जमीन, पाणी, पिके, जंगल यांचे नकाशे उपग्रहचित्रांवरून करून देणे हे त्याचे काम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी कांदळवनांच्या तोडीला मनाई करणारा अंतरिम आदेश दिला, तेव्हा राज्यातील कांदळवने नेमकी कुठे आहेत याचे उपग्रहाधारित नकाशे याच केंद्राकडून करून घ्यावेत आणि त्यांच्या आधारे शासकीय जमिनीवरील कांदळवने संरक्षित वने म्हणून जाहीर करावीत, अशी दिशा त्यात होती. म्हणजे अंबाझरीच्या बाजूला संगणकावर आखलेल्या रेषेला ठाणे, रायगड आणि मुंबईच्या खाड्यांमध्ये कायद्याचे वजन आले.

नागपूरला अशा कामाची सवयही आहे. देशाच्या मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था अमरावती मार्गावर आहे आणि पर्यावरण संशोधनाची ‘नीरी’ तर १९५८ पासून येथे आहे. समुद्राचा खारा वारा मात्र या शहरात कुणी घेतलेला नाही, आणि त्यामुळे काय चुकते हे पुढे एका उत्तरात येईल.

प्रश्न : दापोली तालुक्यात आठ गुंठे जागा पाहिली आहे. सातबारा स्वच्छ आहे. मध्यस्थ म्हणतात, “साहेब, सीआरझेडच्या बाहेर आहे. मोबाइलच्या नकाशावर स्वतः मोजून पाहा.” मी मोजले, समुद्राच्या पाण्यापासून बांधापर्यंत २१० मीटर भरले. २०० मीटरच्या बाहेर असल्याने घर बांधता येईल ना? (मानेवाडा)

आपण मोजले हे उत्तम केले, पण कुठून मोजले हा खरा प्रश्न आहे. मोबाइलवर दिसणारे उपग्रहचित्र ज्या क्षणी घेतले गेले त्या क्षणी पाणी जिथे होते, तिथून आपण मोजले. तो क्षण ओहोटीचा होता की भरतीचा, हे चित्र सांगत नाही. कोकणातील सपाट पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, ओहोटीचे पाणी आणि उधाणाचे पाणी यांत शंभर मीटरचे अंतर सहज पडते. चित्र ओहोटीचे असेल, तर आपले २१० मीटर प्रत्यक्षात शंभर-सव्वाशेच असू शकतील.

नियम पाण्यापासून मोजत नाही; तो भरतीरेषेपासून मोजतो. उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर जास्तीत जास्त जिथवर पोचते, ती भरतीरेषा. सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली निघाली, दुसरी ६ जानेवारी २०११ रोजी आणि सध्याची १८ जानेवारी २०१९ रोजी. तिन्हींमध्ये या रेषेला केंद्रस्थान आहे. १९९१ नंतर ही रेषा आखण्याचे काम वेगवेगळ्या मान्यताप्राप्त संस्थांकडे होते, त्यामुळे एकाच किनाऱ्यावर दोन संस्थांच्या दोन रेषा निघाल्याची उदाहरणे घडत. आता चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने सबंध देशासाठी आखलेली एकच रेषा धरली जाते. ही सुधारणा मोठी आहे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे २०० मीटरच्या बाहेर गेलो की सीआरझेडच्या बाहेर गेलो, हा समज चुकीचा आहे. समुद्राकडील बाजूला हे क्षेत्र भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत असते. ग्रामीण भागात त्यातील पहिला पट्टा ‘ना-विकास क्षेत्र’ म्हणून राखलेला असतो. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असेल, तर हा पट्टा ५० मीटरचा, आणि तोही जिल्ह्याचा नवा किनारा आराखडा मंजूर झाल्यावरच. घनता त्याहून कमी असेल तर २०० मीटरचा. कोकणातील नारळी-पोफळीच्या वाड्यांतून पसरलेल्या बहुतेक गावांना २१६१ चा आकडा लागू होण्याची शक्यता कमीच, तेव्हा आपण २०० मीटर धरूनच चालावे. २०० ते ५०० मीटरच्या दरम्यान घरे बांधता येतात, पण ती पारंपरिक हक्क आणि वहिवाट, म्हणजे जुनी गावठाणे व मच्छीमार वस्त्या, यांच्या चौकटीत, ९ मीटर उंचीच्या आत आणि तळमजला अधिक एक मजला एवढीच. नागपूरहून येऊन सुटीसाठी घर बांधणारा या चौकटीत बसतो का, हे स्थानिक प्राधिकरणाला लेखी विचारावे. स्वतःच्या राहण्याच्या ३०० चौरस मीटरपर्यंतच्या बांधकामाची परवानगी स्थानिक पातळीवर मिळते, पण अधिसूचनेच्या कसोटीवर तपासूनच.

तिसरे, जमिनीच्या मागची बाजू पाहिलीत का? दापोली तालुक्यात दाभोळ आणि आंजर्ल्याच्या खाड्या आहेत, शिवाय लहानसहान वहाळ भरतीच्या पाण्याने फुगतात. भरतीचा प्रभाव असलेल्या खाडीच्या काठाने ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा नियमनात येतो. खाडी म्हणजे नेमके कुठपर्यंत, याचे मोजमापही ठरलेले आहे : वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजार भागांत ५ भाग असेल तिथपर्यंत. पुढून समुद्र सुटला आणि मागून खाडीने गाठले, असे होऊ नये.

आता मुख्य गोष्ट, नकाशाचे प्रमाण. जिल्ह्याचा मंजूर किनारा आराखडा १ : २५,००० या प्रमाणाचा असतो. त्यावरचा एक मिलिमीटर जमिनीवर २५ मीटर होतो. आपला एक गुंठा चौरस धरला तर त्याची बाजू ३३ फूट, म्हणजे जेमतेम १० मीटर. साध्या पेनने ओढलेली अर्ध्या मिलिमीटरची रेष जमिनीवर साडेबारा मीटर जाड असते, म्हणजे आपला एक अख्खा गुंठा ती आपल्या पोटात घेते. २०० मीटरचा पट्टा त्या कागदावर आठ मिलिमीटर. अशा कागदावर आठ गुंठ्यांचा निकाल लावणे म्हणजे धान्याच्या काट्यावर सोने तोलणे होय. हा आराखडा जिल्ह्याचे धोरण ठरवण्यासाठी आहे. भूखंडासाठी गाव नकाशाच्या प्रमाणाचे, साधारण १ : ४००० चे नकाशे लागतात. त्यात २०० मीटर पाच सेंटीमीटरचे होतात आणि सर्वे क्रमांकही दिसतात.

पण तिथेही एक मेख आहे. गाव नकाशे फार जुन्या मोजणीचे, साखळीने मोजलेले. ते उपग्रहचित्रावर बसवताना आम्ही आधी अशा खुणा शोधत असू ज्या दोन्हीकडे ओळखता येतील : तीन गावांच्या शिवांचा दगड, देवळाचा चौथरा, जुनी विहीर. एकदा गुहागरच्या बाजूला एका गावाचा नकाशा बसवताना तीन खुणा तंतोतंत जुळल्या आणि चौथी, एक विहीर, अठरा मीटर बाजूला पडली. दोन दिवस गणित तपासले. शेवटी गावी गेल्यावर कळले की नकाशातली विहीर बुजवून शेजारीच नवी खणली होती. गणित बरोबर होते, विहीर बदलली होती. ज्याने गावात पाऊल टाकले नसते, त्याने निमूटपणे सगळा नकाशा अठरा मीटर सरकवला असता आणि कुणाचे तरी घर रेषेच्या आत गेले असते.

म्हणून आपण काय करावे? आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, मग मान्यताप्राप्त संस्थेकडून आपला सर्वे व हिस्सा क्रमांक मंजूर आराखड्यावर बसवलेला नकाशा मागावा आणि त्यावर भरतीरेषेचा वर्ष-उल्लेख आहे ना, हे पाहावे. खर्च होईल. सातबारा मालकी आणि पीक सांगतो. भरतीरेषेविषयी त्याचा स्वच्छपणा काहीच सांगत नाही. केरळमधील मरडू येथील चार निवासी संकुले सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून जानेवारी २०२० मध्ये स्फोटकांनी पाडली गेली, तेव्हा तेथील रहिवाशांकडेही खरेदीखते होतीच. (जमीन शेतीची असेल तर खरेदीदार शेतकरी असावा लागतो, तो विषय निराळा, त्यासाठी वकिलांना भेटावे.)

प्रश्न : शाळेत महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर शिकवला जातो. अलीकडे एका स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ८७७ वाचले. किनारा वाढला कसा? (विद्यार्थी, धरमपेठ)

किनारा वाढला नाही, दोरी बारीक झाली. घरातील भिंतीवरच्या नकाशावर कोकणाच्या कडेने जाड सुतळी लावून मोजा आणि मग त्याच कडेने शिवणाचा दोरा लावून मोजा. सुतळी खाड्यांच्या तोंडांवरून सरळ जाईल. दोरा वाशिष्ठीच्या आणि सावित्रीच्या मुखात शिरून बाहेर येईल, प्रत्येक भूशिराला वळसा घालील, आणि लांब भरेल.

देशाचा जुना ७,५१६.६ किलोमीटरचा आकडा १९७० च्या दशकात १ : ४५ लाख प्रमाणाच्या नकाशावरून काढलेला होता. नव्या मोजणीत १ : २.५ लाख प्रमाणाचे नकाशे घेतले आणि देशाचा किनारा ११,०९८.८१ किलोमीटर भरला. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात हा आकडा आहे. त्याच हिशेबात महाराष्ट्र ६५२.६ वरून ८७७.९७ वर गेला. आपला पाठ्यपुस्तकी ७२० या दोन्हींहून निराळा आहे, आणि किनाऱ्याची धूप मोजणाऱ्या अभ्यासात देशाच्या मुख्य भूमीचा किनारा ६,९०७ किलोमीटर धरला आहे. हे सगळे आकडे आपापल्या दोरीने बरोबर आहेत. परीक्षेत विचारले तर प्रश्नपत्रिका कोणत्या पुस्तकावर बेतली आहे ते पाहून लिहावे. याहून प्रामाणिक सल्ला मला देता येत नाही.

प्रश्न : आकाशातून मोटारगाडी ओळखू येते म्हणतात. मग कांदळवन तोडले जाते तेव्हा सरकारला दिसत कसे नाही? (वर्धमाननगर)

दिसते, कोणत्या डोळ्याने पाहिले यावर अवलंबून आहे. उपग्रहचित्र म्हणजे चौकोनी ठिपक्यांची रांगोळी. मोठ्या क्षेत्राच्या वनगणनेसाठी वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या ‘लिस-३’ या भारतीय संवेदकाचा एक ठिपका जमिनीवर २३.५ मीटर लांब-रुंद असतो, म्हणजे साधारण ५५२ चौरस मीटर. आता नियम पाहा. कांदळवन १,००० चौरस मीटरहून मोठे असेल तर त्याभोवती ५० मीटरचा राखीव पट्टा ठेवावा लागतो. हे १,००० चौरस मीटर त्या चित्रात दोन ठिपकेसुद्धा भरत नाहीत! त्यातला एक अर्धा पाण्यात, दुसरा अर्धा चिखलात असेल, तर संगणक त्या दोन्हींना ‘ओली जमीन’ म्हणून सोडून देईल. तेच ‘लिस-४’ ने पाहिले, ज्याचा ठिपका ५.८ मीटरचा आहे, तर सुमारे तीस ठिपके मिळतात आणि तिवरांचा, म्हणजे कांदळवनातील झाडांचा, आकार उमटतो. कार्टोसॅट-२ मालिकेतील उपग्रहांच्या चित्रांत ठिपका एक मीटरच्याही आत येतो. तिथे झाडोऱ्यातून काढलेली पायवाटही सुटत नाही.

म्हणून राज्याचे कांदळवन अमुक चौरस किलोमीटरने वाढले, अशी बातमी वाचली की ठिपका केवढा होता हे मी आधी शोधतो. २०२१ च्या भारतीय वनस्थिती अहवालात महाराष्ट्राचे कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर होते, त्याआधीच्या २०१९ च्या अहवालात ३२०. ही वाढ आनंदाची आहे, पण एवढ्या जाळीच्या चाळणीतून एखाद्या वस्तीमागचे अर्ध्या एकराचे कांदळवन भराव घालून बुजवले गेले तरी आकडा हलत नाही. राज्याचा एकूण हिशेब ठेवण्याला मोठा ठिपका चालतो. तोड पकडायची तर लहान ठिपका लागतो, आणि तोही वर्षातून एकदा घेऊन चालत नाही, वारंवार घ्यावा लागतो.

आणि दिसले तरी पुढे काय, हा नकाशाबाहेरचा प्रश्न आहे. २०१२ मध्ये राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरचा आघात मानला. मात्र जमीन महसूल खात्याची, झाडे वन खात्याची आणि भराव कुणाचा हे कुणालाच ठाऊक नाही, अशा जागी चित्रातील ठिपका साक्ष देतो, पण पंचनामा करायला माणूसच जावा लागतो.

प्रश्न : नकाशे उपग्रहाने केलेले असतील तर मच्छीमार त्यांवर हरकती का घेतात? यंत्र पक्षपात करते का? (अभियंता, सदर)

यंत्र पक्षपात करीत नाही, पण त्याला विचारलेल्या प्रश्नाचेच ते उत्तर देते. आम्ही त्याला विचारतो, येथे काय आहे? ते म्हणते, वाळू. येथे काय केले जाते, हे त्याला विचारण्याची सोय नाही.

एक अनुभव सांगतो. एका किनारी गावाचा भूवापर नकाशा तपासण्यासाठी माझ्याकडे आला होता. कुणी केला होता ते येथे महत्त्वाचे नाही. गावाच्या उत्तरेला फिकट पिवळ्या रंगाचा एक लांबट तुकडा होता आणि त्यावर शब्द होते, ‘पडीक, रेताड’. मीही चित्र पाहिले, वाळूच दिसली, आणि सही करण्याच्या बेतात होतो. त्याच आठवड्यात दुसऱ्या कामासाठी त्या भागात जाणे झाले. सकाळी आठच्या सुमारास त्या ‘पडीक’ जागेवर पोचलो, तर बांबूंच्या चौकटींवर बोंबील टांगलेले, खाली शेणाने सारवलेली खळी, त्यांवर जवळा पसरलेला, आणि सात-आठ बायका कावळे हाकत बसलेल्या. मी हातातला कागद दाखवून विचारले, तशी त्यांतली एक वयस्कर बाई हसून म्हणाली, “पडीक? दादा, आमची अख्खी बेगमी हितंच वाळते.” सप्टेंबरपासून मेपर्यंत तिथे वाळवण असते. चित्र जुलैचे असते तर नुसती वाळू, आणि जानेवारीचे असते तरी बोंबलाची चौकट आणि पडलेले कुंपण यांतला फरक आमच्या ठिपक्याला कळण्यासारखा नव्हताच.

आता विचार करा, ‘पडीक’ लिहिलेल्या तुकड्यावर उद्या वाहनतळ सुचवला गेला तर कागदोपत्री कुणाचेच नुकसान होत नाही. म्हणूनच मच्छीमारांची गावे, त्यांच्या सामाईक जागा, होड्या ओढून ठेवण्याच्या जागा, मासळी वाळवण्याची खळी, बर्फाचे कारखाने हे सगळे गाव पातळीच्या नकाशात दाखवावे, अशी तरतूद २०११ च्या अधिसूचनेत केली गेली. हरकती येतात त्या बहुधा याच राहून गेलेल्या गोष्टींवर. आराखड्याचा मसुदा जाहीर होतो, जनसुनावणी होते, तेव्हा तो मोठाल्या संगणकीय फायलींमध्ये असतो, त्यावरची सूची पुष्कळदा इंग्रजीत असते आणि पत्रकाचा क्रमांक कळल्याशिवाय आपले गाव सापडत नाही. मसुदा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, मराठी सूचीसह, घरे ओळखू येतील एवढ्या आकारात लावला तर निम्म्या हरकती सुनावणीआधीच दुरुस्त होतील, असे माझे मत आहे. नोकरीत असतानाही मी हे म्हणत असे; तेव्हा छपाईच्या खर्चाचे कारण सांगितले जाई.

प्रश्न : ‘धोका रेषा’ म्हणजे समुद्र तिथपर्यंत येणार असे समजायचे का? (महाल)

तसे नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, त्यानंतर निळी रेषा आणि लाल रेषा हे शब्द नागपूरकरांच्या तोंडी बसले. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. धोका रेषा ही किनाऱ्याची तशीच बहीण समजा. सर्व्हे ऑफ इंडियाने हवाई छायाचित्रांवरून किनारी जमिनीचे चढउतार मोजले आणि भरती, लाटा, समुद्रपातळीतील वाढ व किनाऱ्याची सरक यांचा शंभर वर्षांचा विचार करून ती आखली गेली.

२०१९ च्या अधिसूचनेत ही रेषा आराखड्यावर दाखवली जाते, पण तिने बांधकामाला मनाई होत नाही. आपत्ती व्यवस्थापनाचे साधन म्हणूनच तिचा उपयोग सांगितला आहे. मला हे अपुरे वाटते. १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रांच्या अभ्यासात देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी ३३.६ टक्के किनारा झिजत असल्याचे दिसले आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण चौथ्या हिश्शाचे आहे. आपला किनारा खडकाळ असल्याने आपण तुलनेने सुखी. पण झीज होते ती बहुतांशी पुळणींवर आणि पर्यटकांसाठीची बांधकामे उभी राहतात तीही पुळणींपाशीच. दापोलीच्या ज्या जागेविषयी वर लिहिले, तिच्या मालकाने मनाई नसली तरी ही रेषा कुठून जाते ते जरूर पाहावे.

प्रश्न : झिरो माइलच्या खांबापाशी एका दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे. मुलीने विचारले, “समुद्र वर आला तर हा आकडा कमी होईल का?” मला सांगता आले नाही. (रामदासपेठ)

मुलीला माझा नमस्कार सांगावा. या सदरात आलेला हा सर्वांत अवघड प्रश्न आहे.

तो दगड महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या, म्हणजे ब्रिटिश काळात झालेल्या देशाच्या मोजणीच्या, परंपरेतील आहे. १९०७ मध्ये बसवलेल्या त्या उंचीखुणेवर समुद्रसपाटीपासून १,०२०.१७१ फूट असा आकडा आहे. पण ‘समुद्रसपाटी’ म्हणजे आजचा समुद्र नव्हे. अनेक वर्षे बंदरांवर भरती-ओहोटीच्या नोंदी घेऊन त्यांची सरासरी काढली गेली आणि ती सरासरी पातळी शून्य मानून देशभर उंची मोजत नेली. मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीमापक १८७८ पासूनचा आहे. तेव्हा समुद्र आता वर सरकला तरी तो जुना शून्य जागचा हलत नाही, आणि दगडावरचा आकडाही हलणार नाही. बदलेल ते या शून्यापासून आजच्या पाण्याचे अंतर.

मुलीला आणखी एक गंमत सांगता येईल. पावसाळ्यात वृत्तपत्रांत छापून येते, मुंबईत आज ४.८ मीटरची भरती. ही उंची झिरो माइलच्या शून्यापासून मोजलेली नसते. जहाजांना तळ लागू नये म्हणून नाविक नकाशे अगदी खालच्या ओहोटीची पातळी शून्य धरतात आणि मुंबईत ती सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. म्हणजे ४.८ मीटरची भरती जमिनीच्या नकाशावर केवळ २.३ मीटर उंच ठरते. जमिनीच्या नकाशाचा शून्य मधल्या पाण्यावर, नाविक नकाशाचा सर्वांत खालच्या पाण्यावर आणि सीआरझेडची रेषा सर्वांत वरच्या पाण्यावर. एकाच समुद्राला सरकारचीच तीन खाती तीन ठिकाणांहून मोजतात, आणि प्रत्येकाला तसे करण्याचे सबळ कारण आहे. पूर कुठवर येईल, रस्ता किती उंच घ्यावा, बंधारा कुठे बांधावा हे ठरवायचे तर या तिन्ही शून्यांचे एकमेकांशी नाते त्या-त्या किनाऱ्यावर मोजून घ्यावे लागते. एका खात्याच्या नकाशातली उंची दुसऱ्या खात्याच्या भरतीच्या आकड्यातून सरळ वजा केली, तर अडीच मीटरची, म्हणजे जवळजवळ एका तळमजल्याची चूक होते.

मुलीला घेऊन तिथे पुन्हा जाल, तेव्हा दगडावरचा १,०२०.१७१ हा आकडा तिला मीटरमध्ये करायला सांगावा. उत्तर ३१०.९५ च्या आसपास येईल.